शर्टाच्या खिशाची रुंदी

पेट निघाली, मुलाखत झाली, गाईड मिळाले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. विषय आवडीचा घ्यायचा की 'सेफ' घ्यायचा? मी आवडीचा घेतला. त्याचं काय झालं ते आज सांगतो, कारण यंदा सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांपैकी निम्मे तरी माझ्याच वाटेने जाणार आहेत असं दिसतंय.

आधी कबुली. मी गॅजेटवेडा माणूस आहे. नवा फोन जाहीर होणार असेल तर रात्री साडेदहाला सगळं सोडून स्क्रीनसमोर बसणारा. खोका उघडताना झाकण किती सावकाश सुटतं, बटण दाबल्यावर 'टक्' कसं वाजतं, कडा हाताला बोचतात का, यावर मी अर्धा तास बोलू शकतो आणि बोललेलोही आहे, समोरच्याची इच्छा नसताना. त्यामुळे तंत्रज्ञानाच्या इतिहासात काम करायचं ठरल्यावर मी हातात मावणाऱ्या वस्तूंकडे वळलो यात नवल नव्हतं. पहिलं प्रकरण खिशातल्या ट्रान्झिस्टर रेडिओवर. वॉकमन, आयपॉड, स्मार्टफोन या सगळ्यांचा तो पूर्वज, म्हणून सुरुवात तिथून.

पहिल्या मसुद्याची सुरुवात मी एका झकास गोष्टीने केली होती. १९५७ साली जपानमधल्या एका कंपनीने टीआर-६३ नावाचा छोटा रेडिओ काढला. ही कंपनी तेव्हा तोक्यो त्सुशिन कोग्यो होती, पुढच्या वर्षी तिने आपलं नाव सोनी केलं. रेडिओ 'पॉकेटेबल' आहे अशी जाहिरात झाली, पण तो नेहमीच्या शर्टाच्या खिशात मावेना. मग आपल्या विक्रेत्यांसाठी कंपनीने जरा मोठ्या खिशाचे शर्ट शिवून घेतले! गोष्ट मजेदार आहे, खरीही असू शकेल. मी ती तीन परिच्छेदांत रंगवून लिहिली, मग जपानी कल्पकतेवर एक परिच्छेद, मग 'पहिला खरा खिशातला रेडिओ' असं वाक्य. मॅडमनी मसुदा परत दिला तेव्हा समासात पेन्सिलीने दोनच शब्द होते: "कोण सांगतंय?"

मला आधी राग आला. मग शोधायला बसलो.

गोष्ट सांगतायत अकिओ मोरिता, कंपनीचे सहसंस्थापक, १९८६ च्या 'मेड इन जपान' या आत्मकथनात. म्हणजे घटनेनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, कंपनी जगप्रसिद्ध झाल्यावर, परदेशी वाचकांसाठी. याचा अर्थ ती खोटी आहे असा नाही. पण १९५७ मध्ये काय झालं यापेक्षा १९८६ मध्ये कंपनीला स्वतःबद्दल काय सांगावंसं वाटत होतं याचा तो जास्त चांगला पुरावा आहे. त्यानंतर गॅजेटप्रेमींनी, पत्रकारांनी आणि माझ्यासारख्यांनी ती इतक्या वेळा पुन्हा सांगितली की आता दहा ठिकाणी सापडते आणि दहा पुरावे असल्यासारखं वाटतं. मोजले तर पुरावा एकच.

आता तुम्ही एक करा. घरातला एखादा शर्ट आणि पट्टी घ्या. टीआर-६३ ची मापं ११२ × ७१ × ३२ मिलीमीटर. ७१ मिमी रुंद आणि ३२ मिमी जाड डबी खिशात सरळ उतरायची, तर खिशाचा घेर किमान २०६ मिमी हवा. म्हणजे सपाट ठेवल्यावर खिसा १०.३ सेंमी रुंद हवा, कापड ताणलं जातं ते सोडून. माझ्या चार शर्टांचे खिसे साडेदहा ते बारा सेंमी भरले. म्हणजे माझ्या खिशात हा रेडिओ जाईल, घासून जाईल, आणि मी वाकलो तर शर्ट छातीवर ओढला जाईल. अडचण रुंदीची आणि उंचीची नाहीच, जाडीची आहे. पण माझे शर्ट १९५७ च्या तोक्योतले नाहीत! त्या काळच्या तयार शर्टांचे खिसे किती रुंद होते हे कळायला शिवणकामाची पुस्तकं, कापड कंपन्यांचे कॅटलॉग किंवा संग्रहालयातले शर्ट पाहावे लागतील. एका मजेशीर वाक्याच्या मागे एवढं काम दडलेलं असतं. हे गणित मी मॅडमना दाखवलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

दुसरा प्रश्न 'पहिला' या शब्दाचा. इथे मी जास्त उघडा पडलो, कारण जे मी लिहिलं होतं ते सोनीनेसुद्धा लिहिलेलं नाही. आपल्या आधी एक अमेरिकी रेडिओ बाजारात आला होता हे त्यांच्या स्वतःच्या इतिहासात नोंदवलेलं आहे. तो रेडिओ म्हणजे रिजन्सी टीआर-१. १८ ऑक्टोबर १९५४ ला जाहीर झाला, किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. ट्रान्झिस्टर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे, जुळणी इंडियानापोलिसच्या आयडीईए नावाच्या कंपनीची, बाहेरचं रूप शिकागोच्या पेंटर, टीग अँड पीटरटिल या डिझाइन संस्थेचं. मापं साधारण १२७ × ७६ × ३२ मिमी. म्हणजे टीआर-६३ पेक्षा मोठा, आणि तरी तो सोनीच्या तीन वर्षं आधी 'पॉकेट रेडिओ' म्हणूनच विकला जात होता.

या टीआर-१ वर थोडं थांबू या, कारण वस्तूच कागदपत्रासारखी कशी वाचायची हे मी इथे शिकलो.

ट्रान्झिस्टर बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये तयार झाला, जाहीर झाला ३० जून १९४८ ला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी रेडिओच्या सदरात, आतल्या पानावर, शेवटच्या काही ओळींत दिली. जगाला तेव्हा काहीच वाटलं नाही. सामान्य माणसाने ट्रान्झिस्टर पहिल्यांदा विकत घेतला तो रेडिओत नव्हे, कानाच्या यंत्रात, १९५२ च्या अखेरीपासून. त्याचं कारण तांत्रिक आहे. माणसाच्या बोलण्याची कंपनं सेकंदाला काही हजार असतात. मध्यम लहरींचा रेडिओ पकडायचा तर सेकंदाला पाच लाखांपासून सोळा लाखांपर्यंत कंपनं हाताळावी लागतात. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाला टिकत नसत. टिकणारे निवडून काढावे लागत आणि म्हणून महाग पडत. १९५३ मध्ये मोरिता परवाना घ्यायला न्यूयॉर्कला गेले तेव्हा वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या लोकांनी त्यांनाही सल्ला दिला होता, की कानाची यंत्रं बनवा. (परवान्याची रक्कम २५ हजार डॉलर. तेवढं परकीय चलन द्यायला जपानच्या व्यापार-उद्योग मंत्रालयाने महिनोन्‌महिने लावले. सरकारी कचेरीतून फेलोशिपचे पैसे सुटण्याची वाट पाहणाऱ्यांना हा भाग वाचून बरं वाटेल.)

आता टीआर-१ चं मागचं झाकण उघडा. चार ट्रान्झिस्टर. आधीच्या नमुन्यात जास्त होते, किमतीपायी चारवर आणले. आतला मधला टप्पा २६२ किलोहर्ट्झवर चालतो. घरगुती रेडिओत तो साधारण ४५५ असायचा. खाली का आणला? कारण वेग वाढला की त्या ट्रान्झिस्टरचा जोर कमी व्हायचा. बॅटरी साडेबावीस व्होल्टची, घरात सहज न मिळणारी. म्हणजे प्रत्येक सुट्या भागात एक तडजोड आहे आणि ती लपवण्याचं काम बाहेरच्या देखण्या प्लॅस्टिकने केलंय: सोनेरी गोल डायल, गोल भोकांची जाळी, काळा, लाल, राखाडी, हस्तिदंती असे रंग. डिझाइनवर प्रेम करणाऱ्या माणसाला हे मान्य करायला जरा जड जातं. ग्राहकांची बाजू घेणाऱ्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाने १९५५ मध्ये आवाजाबद्दल तक्रार करून इतक्यात घेऊ नका असंच सुचवलं होतं. तरी सुमारे लाखभर नग विकले गेले.

मग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने हा खटाटोप का केला? त्यांना रेडिओ विकायचे नव्हतेच. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर हजारोंच्या संख्येने, परवडणाऱ्या किमतीत बनवता येतात हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. आणि ते ज्यांना दिसायला हवं होतं त्यांना दिसलं. आयबीएमचे थॉमस वॉटसन धाकटे आपल्या आठवणींत सांगतात की त्यांनी शंभरावर रिजन्सी रेडिओ विकत घेतले आणि संगणकात ट्रान्झिस्टर वापरायला कुरकुर करणाऱ्या इंजिनिअरच्या हातात एकेक ठेवला. (हीसुद्धा आठवणीतलीच गोष्ट आहे. मोरितांची गाळणी इथेही लावा. मी लावली, आणि तळटीप लिहिली.)

त्या काळच्या कोणत्याही अमेरिकी रेडिओच्या डायलचा जवळून घेतलेला फोटो मिळाला तर ६४० आणि १२४० या आकड्यांपाशी पाहा. दोन बारीक त्रिकोण दिसतील. अणुहल्ला झाला तर फक्त याच दोन जागी सरकारी सूचना ऐकू येतील अशी योजना होती, आणि १९५३ पासून दहाएक वर्षं या खुणा छापणं सक्तीचं होतं. तरुण पोरं खिशात गाणी घेऊन फिरू लागली, ही आपली लाडकी गोष्ट. त्याच रेडिओच्या तोंडावर बॉम्बची तयारी छापलेली होती. मी असे फोटो वर्षभर कौतुकाने पाहत होतो, रंगांची तुलना करत होतो, आणि हे त्रिकोण मला दिसले नव्हते. प्रेमाने पाहणारा माणूस बारकाईने पाहतोच असं नाही.

पण आता उलटी बाजू, आणि माझ्या प्रकरणाचा खरा मुद्दा इथे आहे. वेड्यांची गोष्ट गाळून टाकली तर इतिहास शिल्लक राहतो, असं मला मधले काही महिने वाटू लागलं होतं. मी मसुद्यातून सगळा उत्साह खरवडून काढला. उरले परवाने, किमती, उत्पादनाचे तक्ते. मॅडम म्हणाल्या, "आता हे कुणालाच हवं नसलेल्या वस्तूचं प्रकरण झालंय."

तेव्हा मायकेल ब्रायन शिफर हाताला लागले. हे गृहस्थ मुळात पुरातत्त्वज्ञ. १९९१ मध्ये त्यांनी अमेरिकी जीवनातल्या पोर्टेबल रेडिओवर पुस्तक लिहिलं. ट्रान्झिस्टर रेडिओ जपान्यांनी शोधला असं अमेरिकेतच अनेकांना वाटू लागलं होतं. कंपन्यांच्या प्रसिद्धीतून रुजलेल्या अशा समजुतींना ते 'क्रिप्टोहिस्टरी' म्हणतात. माझा पहिला मसुदा हा त्याचा अस्सल नमुना होता! पण शिफरांचं मला जास्त उपयोगी पडलेलं म्हणणं वेगळं आहे. खिशातला रेडिओ ही कल्पना ट्रान्झिस्टरमधून निघाली नाही. ती ट्रान्झिस्टरच्या कितीतरी आधीपासून रेडिओच्या हौशी मंडळींच्या डोक्यात होती. ह्यूगो गर्न्सबॅक १९०८ पासून हौशींसाठी मासिकं काढत होता. ती वाचणारी, घरी तारा जोडणारी पोरं आणि बाप्ये यांना रेडिओ अंगावर घेऊन फिरायचं होतं. व्यंगचित्रातल्या डिक ट्रेसी या डिटेक्टिव्हच्या मनगटावर १९४६ मध्येच दुतर्फा रेडिओ आला. १९४५ मध्ये शिकागोच्या बेलमाँट कंपनीने खरोखरचा खिशातला रेडिओ बाजारात आणला होता, बोलवर्ड नावाचा, पाच अतिलहान काचेच्या नळ्यांचा. या नळ्या युद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजसाठी विकसित झालेल्या. त्याला स्पीकर नव्हता, इयरफोन लावून ऐकायचं. फारसा खपला नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ट्रान्झिस्टर आला, म्हणून छोटा रेडिओ सुचला, म्हणून लोकांना आवडला, असा क्रम आपण शाळेपासून गृहीत धरतो. इथे आवड आधी आली आणि तिने दोनदा, दोन वेगळ्या तंत्रांकडून, स्वतःला बनवून घेतलं. आधी नळ्यांकडून, तेही अर्धवट. मग ट्रान्झिस्टरकडून. म्हणजे हौशी लोकांचा उत्साह हा पुरावाच आहे. फक्त 'काय घडलं' याचा पुरावा म्हणून तो कच्चा, आणि 'काय हवं होतं' याचा पुरावा म्हणून पक्का. मासिकांतली वाचकांची पत्रं, 'असा रेडिओ स्वतः बनवा' छापाचे लेख, कधीच न बनलेल्या यंत्रांची चित्रं, हे सगळं मी आधी गंमत म्हणून चाळत होतो. आता तेच माझं मुख्य साधन आहे.

अर्थात हवं कुणाला होतं, हेही विचारावं लागतं. आमच्या घरी आजोबांचा ट्रान्झिस्टर होता. आपल्याकडे यंत्रातल्या त्या कणभर भागाचं नाव सबंध रेडिओलाच चिकटलं, तसं जपान-अमेरिकेतही झालं. चामड्याचं भोकांचं कव्हर, खांद्याला अडकवायचा पट्टा, टॉर्चचे सेल. कोणत्याच खिशात तो मावला नसता आणि कुणी मावावा असं म्हणालंही नव्हतं. तो गोठ्यात खुंटीला टांगलेला असायचा किंवा क्रिकेटच्या दिवशी ओट्यावर, भोवती आठ-दहा माणसं. 'खिशातला' ही मागणी एकट्याने ऐकणाऱ्याची आहे. आजोबांना आवाज ओट्यापासून विहिरीपर्यंत जायला हवा होता. त्यांच्या ट्रंकेत रेडिओच्या परवान्याचं पुस्तकही सापडलं, पोस्टात पैसे भरल्याच्या शिक्क्यांसकट. १९३३ च्या कायद्याखाली आपल्याकडे रेडिओ बाळगायला परवाना लागायचा, तो थेट १९८० च्या दशकापर्यंत. तुमच्या घरी असं पुस्तक असेल तर रद्दीत घालू नका. कोणत्या घरात, कोणत्या वर्षी रेडिओ होता हे इतक्या खात्रीने सांगणारं दुसरं साधन सहज मिळत नाही.

आणि एक गट असा, जो हौशींच्या लिखाणात जवळजवळ नाहीच. हे रेडिओ बनवणाऱ्या मुली. जपानच्या ट्रान्झिस्टर कारखान्यांत सूक्ष्मदर्शकाखाली जर्मेनियमच्या तुकड्याला केसाएवढ्या तारा जोडण्याचं काम शाळा सोडून खेड्यांतून आलेल्या तरुण मुली करायच्या, कारखान्याच्या वसतिगृहात राहून. त्यांना 'ट्रान्झिस्टर मुली' असं नावही पडलं होतं. सायमन पार्टनर यांच्या १९९९ च्या 'असेम्बल्ड इन जपान' या पुस्तकात त्यांच्याबद्दल वाचेपर्यंत माझ्या १२० पानी नोंदवहीत त्यांच्या नावाने एकही ओळ नव्हती. ब्राऊनच्या टी-३ रेडिओवर मात्र साडेचार पानं होती, कारण तो १९५८ चा डीटर राम्सचा रेडिओ आयपॉडसारखा दिसतो आणि मला दोन्ही आवडतात. वस्तू जितकी गुळगुळीत, तितका हातांचा ठसा कमी दिसतो. मी गुळगुळीत वस्तूंचाच चाहता, म्हणून मला तो दिसणं आणखी अवघड होतं.

मग काय केलं, तर नोंदवहीच्या डाव्या पानावर 'मला हे का आवडलं' आणि उजव्या पानावर 'हे कोण सांगतंय, कधी, कुणाला' असं लिहायला लागलो. डावं पान फाडायचं नाही. वस्तूच्या कोणत्या भागाने आपल्याला भुरळ घातली हे आधी लिहिलेलं असलं, की तिथेच नजर अडकून राहते का हे नंतर तपासता येतं. टी-३ चं डावं पान भरलेलं आणि उजवं कोरं होतं. त्या साडेचार पानांची आता एक तळटीप झाली आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

विक्रेत्यांच्या शर्टांची गोष्ट अजून प्रकरणात आहे. पण ती आता शेवटी येते, १९८६ सालाखाली, मोरितांच्या नावाने. सुरुवात बेलमाँटच्या त्या न खपलेल्या, इयरफोनवाल्या रेडिओने होते. नवा मसुदा गेल्या आठवड्यात मॅडमकडे दिला. काल परत आला. पहिल्याच ओळीतल्या '१९४५' खाली पेन्सिलीची रेघ आहे आणि शेजारी लिहिलंय: "आणि त्याआधी?"